रॉबर्ट स्टर्जेस: आइसलँड, मादागास्कर आणि ब्रिटिश कमांडो दलाची बांधणी

तांडेल

दुसऱ्या महायुद्धावर इथे बरेच धागे आहेत, पण ब्रिटिश रॉयल मरीन्सच्या एकाही वरिष्ठ अधिकाऱ्यावर नाही. म्हणून रॉबर्ट ग्राइस स्टर्जेसवर हा धागा काढतोय. जन्म १८९१. सुरुवात नौदलात, १९१२ मध्ये रॉयल मरीन्समध्ये बदली. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली (तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर फौज उतरवण्याची फसलेली मोहीम) आणि जटलंड (नौदलाची मोठी लढाई), दोन्ही पाहिलेला माणूस. म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर फौज उतरवताना काय काय फसतं, हे त्याने तरुणपणीच बघितलं होतं.

मे १९४० मध्ये तो कर्नल होता आणि पन्नाशीला टेकला होता. जर्मनीने एप्रिलमध्ये डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला आणि ब्रिटनला आइसलँडची काळजी लागली. तिथे जर्मन विमानं आणि पाणबुड्यांना तळ मिळाला असता तर अटलांटिकमधली मालवाहतूक धोक्यात आली असती. आइसलँडने तटस्थ राहायचं ठरवलं, तेव्हा ब्रिटनने बेट ताब्यात घ्यायचा निर्णय घेतला आणि काम स्टर्जेसकडे आलं.

हाताशी होती रॉयल मरीन्सची २ री बटालियन, एकूण ७४६ जण, बरेचसे नवे भरती. त्यातल्या ५० जणांना रायफली नुकत्याच मिळाल्या होत्या, एक गोळीही झाडलेली नव्हती. ब्रेन गन, रणगाडाविरोधी शस्त्रं आणि २ इंची उखळी तोफा ४ मेला पोचल्या, आणि ८ मेला पहाटे ग्रीनॉकहून निघायचं होतं. नेम साधून घेण्याचं काम जहाजावर, भर समुद्रात करावं लागलं. जड तोफा म्हणजे ३.७ इंची डोंगरी हॉवित्झर दोन, २ पौंडी तोफा चार आणि किनारा संरक्षणाच्या ४ इंची तोफा दोन. त्या चालवायला दिलेल्या माणसांनी त्या कधी डागल्या नव्हत्या. सर्चलाइट नाहीत, संपर्काची साधनं नाहीत. नकाशे थोडे आणि वाईट, त्यातला एक तर आठवणीवरून काढलेला. आइसलँडिक नीट बोलणारा एकही माणूस सोबत नाही.

माणसं 'बर्विक' आणि 'ग्लासगो' या क्रूझरवर कोंबली होती, सोबत 'फिअरलेस' आणि 'फॉर्च्युन' या विनाशिका. बहुतेकांना समुद्र लागला, त्यामुळे वाटेतला सराव निम्माशिम्माच झाला. १० मेच्या पहाटे पाणबुड्या शोधायला 'बर्विक'वरून एक वॉलरस विमान सोडलं. ते सरळ रेक्याविकवरून गेलं आणि गाव जागं झालं. अचानक उतरण्याचा फायदा तिथेच संपला. क्रूझर मोठ्या, धक्क्याला लागू शकत नव्हत्या, म्हणून सुमारे ४०० मरीन 'फिअरलेस'वर उतरवून तिने त्यांना बंदरात नेलं. आजारी आणि सवय नसलेल्या माणसांना एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवायला ठरलेल्यापेक्षा बराच वेळ गेला.

समोर सैन्य असतं तर हा सगळा उशीर महागात पडला असता. आइसलँडला सैन्यच नव्हतं. सरकारने निषेध नोंदवला आणि जनतेला शांत राहायला सांगितलं. मरीन्सनी टपाल आणि तार कार्यालय, रेडिओ केंद्र, हवामान खातं आणि जर्मन वकिलात ताब्यात घेतली. जर्मन कॉन्सल गेरलाख तेव्हा बाथटबमध्ये कागदपत्रं जाळत होता. मग स्टर्जेसने स्थानिक वाहनं घेऊन तुकड्या क्वालफ्योर्दुर, सांदस्केद, काल्दादारनेस अशा ठिकाणी पसरवल्या, कारण त्याला खरी भीती विमानाने उतरणाऱ्या जर्मनांची होती. आठवड्याभरात भूदलाच्या ४,००० जणांनी जागा घेतली आणि मरीन्स परतले.

माझं मत: या मोहिमेत रक्त सांडलं नाही म्हणून ती सोपी समजली जाते. पुढे मादागास्करला जे जे नीट केलं गेलं, त्याची यादी आइसलँडच्या चुकांमधूनच तयार होते. जाणकारांनी भर घालावी.

वाचनवेडी

माहितीपूर्ण. दोन शंका. रॉयल मरीन्स नौदलाच्या हाताखाली, मग त्यांची पदं कर्नल, ब्रिगेडियर अशी भूदलाची कशी? आणि मरीन अधिकारी भूदलाच्या ब्रिगेडना हुकूम देऊ शकतो का?

तांडेल

वाचनवेडी ताई, रॉयल मरीन्स म्हणजे नौदलाचंच पायदळ. प्रशासन अॅडमिरल्टीकडे, म्हणजे ब्रिटनच्या नौदल खात्याकडे, पदं भूदलासारखी. शांततेच्या काळात मरीन्सची मोठी संख्या युद्धनौकांवर असे आणि नौकेच्या तोफांपैकी एखादा बुरूज तेच चालवत. मोठ्या नौकेवर त्यांची स्वतंत्र तुकडी असते, ती गरज पडली तर किनाऱ्यावर उतरते. हे लक्षात ठेवा, मादागास्करच्या निकालात अशाच एका तुकडीचा हात आहे.

दुसऱ्या शंकेचं उत्तर हो. संयुक्त मोहिमेत सेनापती दोन असतात, एक समुद्रावरचा आणि एक जमिनीवरचा. १९४२ मध्ये मेजर जनरल स्टर्जेस जमिनीवरच्या फौजेचा, म्हणजे 'फोर्स १२१'चा प्रमुख होता, आणि त्याच्या हाताखालचं सैन्य जवळजवळ सगळं भूदलाचं होतं. समुद्रावर रिअर अॅडमिरल सिफ्रेट.

नकाशेवाला

मादागास्करवर मी लिहितो.

बेट तेव्हा विशी फ्रान्सच्या, म्हणजे जर्मनीपुढे झुकलेल्या फ्रेंच सरकारच्या ताब्यात होतं, म्हणून इथे समोर फ्रेंच. नकाशा आधी डोळ्यांपुढे आणा. बेटाच्या उत्तर टोकाला दिएगो सुआरेझचं नैसर्गिक बंदर आहे, तोंड पूर्वेला आणि ते अरुंद. तोंडावर ओरोंजिया द्वीपकल्पावर किनारी तोफा. आत दक्षिणेकडून एक जिभेसारखं टोक येतं, त्यावर अँत्सिरान गाव आणि नौदलाचा तळ. पूर्वेकडून थेट घुसणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. म्हणून योजना अशी: पश्चिमेच्या कूरियर आणि अंबाराराता या उपसागरांत उतरायचं आणि जमिनीवरून मागच्या दाराने अँत्सिरान गाठायचं. अंबारारातापासून सुमारे ३० किलोमीटर.

पश्चिमेला फ्रेंचांची राखण कमी होती त्याला कारण होतं. तिथे प्रवाळखडकांची जाळी आहे, वाटा अरुंद आहेत आणि सुरुंगही पेरलेले होते. रात्री तिथून मोठा ताफा येऊच शकत नाही अशी त्यांची खात्री होती. ब्रिटिशांनी नेमकं तेच केलं. आधी विनाशिका पुढे गेल्या आणि वाटेवर खुणेचे दिवे लावले, मग सुरुंगकाढू नौका, मग फौजेची जहाजं. काही सुरुंग फुटले तरी किनाऱ्यावर कुणाला संशय आला नाही. त्याच वेळी पूर्वेला 'हर्मायनी' क्रूझरने प्रकाशगोळे सोडून लक्ष तिकडे ओढलं. ५ मे १९४२, पहाटे साडेचारला पहिली लाट उतरली. कूरियर उपसागरात ५ क्रमांकाच्या कमांडोने (कमांडो म्हणजे इथे एक माणूस नव्हे, अख्खी तुकडी) तोफखाना गाठला तेव्हा तिथले तोफची झोपेत होते.

गॅलिपोलीनंतर ब्रिटिशांची ही पहिली मोठी उभयचर मोहीम. पण चोख नियोजनातही एक भोक राहिलं. ५ कमांडो दुपारी उशिरा बंदराच्या उत्तरेकडच्या आंद्राकाका द्वीपकल्पावर पोचला. समोर पाण्यापलीकडे अँत्सिरान दिसतंय आणि पार करायला होड्या नाहीत! किनाऱ्यावरून पलीकडे न्यायला एखादी लहान नौका बंदरात शिरवायची सोय योजनेतच नव्हती.

आणि हे आपल्याशी कसं जोडलेलं आहे तेही सांगतो. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले होते. भूमध्य समुद्र जवळजवळ बंद, त्यामुळे मुंबईकडे येणारी कुमक आफ्रिकेला वळसा घालून येत होती. दिएगो सुआरेझ जपान्यांकडे गेलं असतं तर तो मार्ग धोक्यात आला असता. ही भीती पोकळ नव्हती. ३० मेला, म्हणजे बंदर घेतल्यावर, जपानी बटू पाणबुड्यांनी तिथेच 'रॅमिलीज' या युद्धनौकेला पाणतीर मारला आणि 'ब्रिटिश लॉयल्टी' हे तेलवाहू जहाज बुडवलं.

दारूगोळा

नकाशेवाला यांनी उतरण्याचा भाग नीट मांडला. पुढे गाडी का अडली ते मी मांडतो, कारण शिकण्यासारखं तिथे आहे.

गावाच्या दक्षिणेला, टोकाच्या मानेवर एक संरक्षक रेषा होती. दोन किल्लेवजा बुरूज, मधे खंदक, रणगाडे अडवणारा चर, मशीनगनचे अड्डे आणि मागे ७५ मिलिमीटर तोफा. मूळ बांधकाम जोफ्रच्या देखरेखीखालचं, तोच जो पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्सचा सरसेनापती झाला. जुनं काम म्हणून हल्लेखोरांनी त्याला हवं तेवढं महत्त्व दिलं नाही.

स्टर्जेसकडे रणगाडे डझनभर, व्हॅलंटाइन आणि टेट्रार्क मिळून. व्हॅलंटाइनचं वजन १६ टनांच्या आसपास, त्या काळच्या यांत्रिक उतरणनौकेची क्षमता साधारण तेवढीच, म्हणजे एका फेरीत एकच. त्यामुळे रणगाडे थोडेथोडे पुढे जात राहिले आणि पायदळ, तोफा त्यांच्यापाठी पोचण्याआधीच ७५ मिलिमीटर तोफांना भिडले. दोन दिवसांत बहुतेक निकामी झाले. तोफगाड्या घेऊन आलेल्या 'बाचाकेरो' जहाजाला टेकायला योग्य किनारा सापडत नव्हता, त्यामुळे तोफखानाही मागे पडला. हे जहाज म्हणजे माराकायबो सरोवरातलं उथळ तळाचं तेलवाहू, पुढे दार कापून बनवलेलं. रणगाडे उतरवणाऱ्या मोठ्या जहाजांचं पहिलं रूप.

६ मेच्या पहाटे २९ व्या ब्रिगेडने हल्ला केला. ब्रिगेडियर फेस्टिंगची ही ब्रिगेड चांगली तालीम घेतलेली होती. साउथ लँकशायरची बटालियन बगलेने आत घुसली आणि रेषेच्या मागे तिने धुमाकूळ घातला. पण वायरलेस बंद पडला. मागे मुख्यालयाला वाटलं, बटालियन संपली. समोरचा हल्ला फसल्याचं कळलं आणि मिळालेल्या यशाचा उपयोग करणारं कुणी पुढे आलं नाही. इथे चूक धाडसाची नाही, बिनतारी संचांची आहे: खारं पाणी, धक्के, आणि तेच संच पाठीवर घेऊन उन्हात तीस किलोमीटर चाल.

आणखी एक. फौज मार्चच्या शेवटी स्कॉटलंडच्या क्लाइडहून निघाली होती. सहा आठवडे जहाजात बसलेले पाय पहिल्याच दिवशी एवढी चाल करतील ही अपेक्षाच जास्त होती.

सुकाणू

मग येतो तो प्रसंग ज्यासाठी स्टर्जेसचं नाव लक्षात राहावं.

६ मेच्या दुपारी तो किनाऱ्यावरून परत 'रॅमिलीज'वर गेला आणि सिफ्रेटला स्पष्ट सांगितलं की काम ठीक चाललेलं नाही. १७ व्या ब्रिगेडसह रात्री पुन्हा हल्ला करणार आहे, त्या वेळी शत्रूच्या पाठीमागे गोंधळ उडवायला एक तुकडी बंदरातून आत सोडा. सिफ्रेटने 'रॅमिलीज'वरचे ५० मरीन दिले, कॅप्टन मार्टिन प्राइसच्या हाताखाली, आणि त्यांना न्यायला 'अँथनी' ही विनाशिका. अॅडमिरलच्या मते 'अँथनी' आत शिरण्याची शक्यता निम्मी, त्याच्या सल्लागारांच्या मते त्याहून कितीतरी कमी, आणि मरीन्सपैकी वीस जणही सकाळी जिवंत राहतील असं त्याला वाटत नव्हतं. तरी त्याने नौका दिली.

नौकानयनाच्या अंगाने बघा. पश्चिमेकडून उत्तर टोकाला वळसा घालून पूर्वेला यायचं, समुद्र खवळलेला, मरीन पुन्हा एकदा समुद्र लागून आडवे. लेफ्टनंट कमांडर हॉजेसने अंधार पडल्यावर, आठच्या सुमारास अरुंद तोंडातून नौका आत घातली. किनारी तोफांनी उशिरा गोळे टाकले आणि ते चुकले, कारण रात्री वेगाने आडव्या जाणाऱ्या लक्ष्यावर त्या तोफा वळवणं जमत नव्हतं. धक्क्यावर वारा जमिनीकडून पाण्याकडे. अशा वाऱ्यात नौका बाजूने लावायला गेलं तर ती ढकलली जाते आणि दोर बांधायला धक्क्यावर आपली माणसं नाहीत. हॉजेसने नौका मागे घेत तिची पिछाडी धक्क्याला टेकवली, इंजिनावर तिथेच धरून ठेवली आणि मरीन पिछाडीवरून उड्या मारत उतरले. अनोळखी बंदरात, अंधारात, गोळीबारात. लगेच नौका बाहेर.

प्राइसच्या माणसांनी तोफखान्याच्या सेनापतीचं घर आणि नौदलाचं कोठार घेतलं, आत अडकलेले ब्रिटिश कैदी सोडवले. समोरच्यांना किती माणसं आली आहेत याचा अंदाजच येईना. साडेआठला १७ व्या ब्रिगेडने हल्ला केला आणि मध्यरात्रीनंतर गाव हातात आलं. ७ मेला 'रॅमिलीज'ने ओरोंजियावर दहाएक मिनिटं गोळे टाकले आणि तिथल्यांनीही शरणागती पत्करली.

नकाशेवाला

सुकाणू दादा, वर्णन उत्तम, पण निकालाचं सगळं श्रेय ५० मरीन्सना देऊ नये. जोफ्रची रेषा १७ व्या ब्रिगेडने मोडली. फ्रेंच आणि मलगासी (मादागास्करचे स्थानिक) शिपाई दोन दिवस झोपेशिवाय लढत होते, त्यांची विमानं आणि बंदरातल्या नौका 'इलस्ट्रियस' आणि 'इंडॉमिटेबल' या विमानवाहू नौकांच्या विमानांनी आधीच संपवल्या होत्या. मरीन नसते तरी रात्रीचा हल्ला यशस्वी झाला असता असं मला वाटतं, फक्त माणसं जास्त पडली असती.

सुकाणू

मान्य, रेषा भूदलाने मोडली. माझा मुद्दा सेनापतीचा आहे. सकाळचा हल्ला फसल्यावर दुपारपर्यंत नवी योजना आखली, त्यासाठी स्वतः बोटीतून जाऊन अॅडमिरलशी समोरासमोर बोलला आणि सहा तासांत ती अमलात आली. संदेश पाठवून उत्तराची वाट बघत बसला असता तर रात्र गेली असती. आठवडाभर खंदकांपुढे अडकणं म्हणजे काय हे त्याला गॅलिपोलीमुळे माहीत होतं.

वाचनवेडी

मादागास्करला फौज वाहणाऱ्या जहाजांत 'केरेन' आणि 'कारंजा' ही नावं वाचली. ही आपल्याकडची का?

नकाशेवाला

हो ताई. दोन्ही ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची, मुंबई ते पूर्व आणि दक्षिण आफ्रिका मार्गावर चालणारी. 'केरेन'चं मूळ नाव 'केनिया'. युद्धात दोन्ही जहाजं हल्ल्यासाठी उतरणनौका वाहणारी म्हणून बदलली. पद्धत अशी: जहाजाच्या बाजूला जीवरक्षक होड्यांच्या जागी हल्ल्याच्या उतरणनौका टांगतात. एकीत ३५ सैनिक, म्हणजे एक पलटण, आणि चालवायला चार खलाशी. सैनिक डेकवरच चढतात आणि मग नौका पाण्यात सोडतात, त्यामुळे लाटांवर जाळीवरून उतरायची वेळ येत नाही. वेग मात्र भरलेल्या स्थितीत जेमतेम ६-७ नॉट, म्हणून जहाजाला किनाऱ्याजवळ यावंच लागतं. 'कारंजा' त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ बाँबहल्ल्यात गेली.

तांडेल

आता १९४३. हा स्टर्जेसच्या कारकिर्दीतला सर्वात कमी चर्चिला गेलेला आणि माझ्या दृष्टीने सर्वात मोठा भाग.

रॉयल मरीन्सची एक अख्खी डिव्हिजन होती, स्टर्जेस तिचा प्रमुख. पण तिला वाहतूक आणि तोफखाना अपुरा, आणि तिला साजेसं काम कुणाला सापडेना. १९४३ मध्ये ती मोडली. बटालियनांचे कमांडो केले, ऑगस्टपासून ४२ ते ४७ क्रमांकाचे (४० आणि ४१ आधीच होते, ४८ पुढच्या वर्षी). उरलेली हजारो माणसं उतरणनौका चालवायला गेली. १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर हल्ल्याच्या उतरणनौकांचा मोठा भाग मरीन्स चालवत होते, त्याचं मूळ इथे आहे.

बटालियनचा कमांडो करणं म्हणजे पाटी बदलणं नव्हे. कमांडोत मुख्यालय, साठेक जणांचे पाच ट्रूप आणि ३ इंची उखळी तोफा व व्हिकर्स मशीनगनचा एक जड ट्रूप, एवढंच. सगळे मिळून साडेचारशेच्या आसपास. म्हणजे बटालियनच्या जवळपास निम्मी माणसं बाहेर काढायची. उरलेल्यांनी स्कॉटलंडमध्ये अॅक्नाकॅरीचं प्रशिक्षण पार करायचं, जमलं नाही तर परत. तोफखाना, रुग्णवाहन, पुरवठा हे कमांडोकडे नसतं, त्यामुळे ब्रिगेडचं मुख्यालय आणि त्याला मिळणारी मदत पक्की नसेल तर दोन-तीन दिवसांपलीकडे तो टिकत नाही.

भूदलाच्या कमांडोंचा या सगळ्याला विरोध होता. ते एकेक करून स्वखुशीने आलेले, आणि मरीन्स अख्ख्या बटालियननिशी आलेले. त्यात ऑक्टोबर १९४३ मध्ये भूदलातला कमांडो सेनानी लेकॉक संयुक्त मोहिमांचा प्रमुख झाला आणि सगळ्या कमांडोंच्या नव्या 'स्पेशल सर्व्हिस ग्रुप'चं मुख्यालय एका मरीनकडे, स्टर्जेसकडे आलं. त्याचा दुय्यम मात्र ब्रिगेडियर डर्नफर्ड-स्लेटर, भूदलातल्या जुन्या कमांडोंपैकी. चार ब्रिगेड बनवल्या आणि प्रत्येकीत भूदलाचे आणि मरीन्सचे कमांडो शक्य तिथे एकत्र ठेवले. डिसेंबर १९४४ मध्ये नावही बदललं, कारण त्याची आद्याक्षरं हिटलरच्या 'एसएस'शी जुळत होती.

दौंडकर

यातली ३ री ब्रिगेड आपल्या पुणे जिल्ह्यात आली होती हे इथे नोंदवायलाच हवं. १ आणि ५ क्रमांकाचे भूदल कमांडो, ४२ आणि ४४ मरीन कमांडो. नोव्हेंबर १९४३ मध्ये ब्रिटनहून निघाले. वाटेत भूमध्य समुद्रात 'रांची' जहाजावर बाँब पडला, त्यातले १ आणि ४२ मागे राहिले. ५ आणि ४४ जानेवारी १९४४ मध्ये मुंबईला उतरले आणि केडगावला आले. पुणे-दौंड लोहमार्गावरचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. प्रमुख ब्रिगेडियर नॉनवायलर हा मरीन. मार्चमध्ये ४४ कमांडो ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर आलेथांग्यावला उतरला सुद्धा. मादागास्करला पहाटे तोफची झोपेत पकडणारा ५ कमांडो तो हाच.

मादागास्करची २९ वी ब्रिगेडही पुण्याकडे आली होती. ३६ वी भारतीय डिव्हिजन पुण्यात उभी राहिली, फेस्टिंग तिचा प्रमुख.

दारूगोळा

दौंडकर साहेब, पुढचं टोक जोडतो. १९४४ च्या शेवटी ३ री ब्रिगेड कॅम्पबेल हार्डीकडे आली. हाही मरीन, नॉर्मंडीत ४६ कमांडोचा प्रमुख होता, नंतर १९५५ मध्ये रॉयल मरीन्सचा कमांडंट जनरल, म्हणजे सर्वोच्च प्रमुख झाला. जानेवारी १९४५, पुन्हा आराकान: अक्याब, मायेबोन आणि मग कांगॉ.

कांगॉला सरळ वाटेवर जपानी बसलेले, म्हणून नौकांनी दाइंगबोन खाडीतून लांबचा वळसा घेतला. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलात गाडी किंवा तोफ उतरवता येत नाही, त्यामुळे सुरुवातीला आधार फक्त विमानांचा आणि नौकांच्या तोफांचा. त्यात रॉयल इंडियन नेव्हीच्या 'नर्मदा' आणि 'जमुना' होत्या. २२ जानेवारीला १ कमांडो १७० क्रमांकाच्या टेकडीवर चढला, ३१ तारखेला जपान्यांनी तिच्या उत्तर टोकावर निकराचा हल्ला केला. लेफ्टनंट नोलंडला तिथलं मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस आहे.

शेजारी ५१ वी भारतीय ब्रिगेड लढत होती आणि तिच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख भारतीय: थिमय्या, एल. पी. सेन आणि आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. मेलरोज टेकडीच्या लढाईत थोरातांची २/२ पंजाब होती. तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

वाचनवेडी

थोरातांचा हा भाग अजिबात माहीत नव्हता, आभार. शेवटची शंका: एवढं दल बांधूनही नॉर्मंडीत स्टर्जेसचं नाव का दिसत नाही?

तांडेल

कारण ग्रुपचं मुख्यालय लढाई चालवत नव्हतं. ब्रिगेड वेगवेगळ्या फौजांना जोडून दिल्या जात: नॉर्मंडीत लॉर्ड लव्हॅटची १ ली ब्रिगेड ६ व्या हवाई डिव्हिजनच्या मदतीला, लेस्टरची ४ थी किनाऱ्यावर. स्टर्जेसकडे माणसं तयार करणं, शस्त्रं मिळवणं, पडलेल्यांच्या जागा भरणं आणि झालेल्या चुकांवर उपाय शोधणं. आणि चुका पुष्कळ होत्या. नॉर्मंडीतल्या सेंट ऑबँला ४८ कमांडो लहान, लाकडी उतरणजहाजांतून आला. भरतीमुळे पाण्यातले अडथळे दिसेनात, जहाजं त्यांवर अडकली, उतरायच्या अरुंद फळ्या लाटांनी हलू लागल्या आणि किनाऱ्यावरचा शत्रू अजून जिवंत होता. पहिल्या काही तासांत कमांडोचा मोठा भाग गेला.

नोव्हेंबर १९४४ मध्ये हॉलंडच्या वाल्खेरेन बेटावर ४ थी ब्रिगेड उतरली तेव्हा फरक दिसतो. वेस्टकापेलेला विमानांनी समुद्राचा बांध आधीच फोडला होता, आणि माणसांना उघड्या फळ्यांऐवजी पाण्यातून थेट आत जाणाऱ्या बफेलो या पट्ट्यांच्या वाहनांतून नेलं. तोफा असलेल्या २७ मदतनौका मुद्दाम पुढे घातल्या, जेणेकरून किनारी तोफांनी त्यांच्यावर मारा करावा. त्यांतल्या ९ बुडाल्या, ११ निकामी झाल्या, पण कमांडो उतरले आणि आठवड्याभरात बेट पडलं.

१९४५ मध्ये स्टर्जेसला नाइट किताब मिळाला, पुढच्या वर्षी लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाला, १९७० मध्ये वारला. युद्धानंतर भूदलाचे कमांडो बरखास्त झाले आणि कमांडोचं काम पूर्णपणे रॉयल मरीन्सकडे गेलं. केडगावला राहिलेली ३ री ब्रिगेड पुढेही कित्येक दशकं त्याच क्रमांकाने होती; आता तिचं नाव 'यूके कमांडो फोर्स' आहे.